उपटलेल्या खुंट्या

कारखान्याचं रसायन जमिनीखालून वस्तीत कुठवर पोचलंय, हे विजेच्या प्रवाहाने तपासायला सर्वेवाल्या बाईने गल्लीभर लोखंडी खुंट्या ठोकून तारा जोडल्या होत्या. पण सलग दोन दिवस सकाळी येऊन पाहावं, तर सगळ्या खुंट्या उपटलेल्या. तिने कारखान्याच्या मॅनेजरला गेटवरच फैलावर घेतलं, त्याने तिला हाकलून लावलं.

तिसऱ्या दिवशी ती उजाडतानाच येऊन थांबली. बोअरच्या पाण्याला वास येतो, अशी तक्रार करून तिला बोलावून घेणाऱ्या काकूच खुंट्या उपटत होत्या.

"काकू, तुम्ही?"

"आधी हा पसारा उचल," काकू खेकसल्या. "आजही घर बघायला गिऱ्हाईक येतंय.

एकदा विकलं गेलं, की मग खुशाल शोध विष."