रांगेतली कोडी

"मी काय सामान आहे, उचलून पुण्याला न्यायला?" एवढं बोलून बाबांनी फोन ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

तरी दर रविवारी त्यांच्यासाठी शब्दकोडं रचणं लेकीने सोडलं नाही. इकडे पुण्यात तिने लॅपटॉपवर एका ओळीची कमांड दिली, की तिकडे कऱ्हाडला बाबांच्या टेबलावरचा प्रिंटर कोडं छापायचा आणि ते पेन्सिल घेऊन बसायचे. भांडणानंतरच्या रविवारी मात्र स्क्रीनवर उत्तर आलं: प्रिंटरमध्ये कागद नाही.

"मुद्दाम भरत नाहीयेत ते. नाद सोड," नवरा म्हणाला.

"मीही त्यांचीच मुलगी आहे," म्हणत तिने पुढच्या रविवारीही कोडं पाठवलं. त्याच्या पुढच्याही. न छापलेली कोडी प्रिंटरच्या रांगेत साचत गेली.

आज नवं पाठवण्याआधी तिने रांग तपासली, तर ती रिकामी होती. बाबांनी सगळी कोडी रद्द केली की काय? तरीही तिने कमांड टाइप करायला घेतली, तेवढ्यात फोन वाजला.

"दुसऱ्या कोड्यात सातवा आडवा शब्द चुकलाय तुझा," बाबा म्हणाले. "दुरुस्त करून पाठव. कागद घातलाय."