अगं

मांजरी माळ्यावरून खाली यायला तयार नव्हती.

मास्तरांच्या बायकोने दूध दाखवून पाहिलं, टाळ्या वाजवून पाहिल्या, फूटपट्टीने फळी ठोकून पाहिली. चिंध्यांच्या गाठोड्यामागे दोन डोळे तेवढे चमकत होते. मास्तर वारल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान दुसऱ्याला दिलं होतं. संध्याकाळी नवा दुकानदार किल्ली घ्यायला येणार होता, आणि दुकान मांजरासकट घेणार नाही हे त्याने आधीच बजावलं होतं.

"जातानासुद्धा माझ्यासाठी एक काम ठेवून गेले," बाई पुटपुटली.

शेजारच्या सलूनवाल्याने दारातून डोकं आत घातलं. दोन दुकानांच्या मधे नुसतं प्लायवूड होतं. इकडे टाचणी पडली तरी तिकडे ऐकू जायची.

"अशी नाही यायची ती, वहिनी. मोठ्या मानाची बाई आहे. तयार पँटवर ती झोपलेली असली की मास्तर गिऱ्हाइकाला सांगायचे, उद्या या. आणि लोक मुकाट्याने उद्या यायचे. येताना वर तिच्यासाठी खाऊ आणायचे!"

बाईला हसू आलं नाही. सलूनवाला जरा ओशाळला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्याने आवाज हळू केला.

"मास्तरांसारखा नवरा मिळायला नशीब लागतं, वहिनी. दिवसभर तुमच्याशी फोनवर बोलणं चालायचं."

बाईने फूटपट्टी खाली ठेवली. "माझ्याशी?"

"राग मानू नका, पण सगळं ऐकू यायचं हो. 'अगं, जेवलीस का?' 'अगं, ही बाही बघ, आखूड वाटते का?' आता फोनवर बाही कशी दिसणार, पण विचारायचे. मी गिऱ्हाइकांना दटावायचो, हळू बोला, मास्तरांचा घरी फोन चालू आहे." तो हसला. "तुम्ही रुसायच्या मात्र फार. शेवटी बिचाऱ्यांनाच म्हणावं लागायचं, 'बरं बाई, माझं चुकलं. आता तरी बोल.'"

पलीकडून कुणीतरी हाक मारली. गालाला साबण लावून ठेवलेलं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "मांजरीसाठी खोकं बघतो एखादं," म्हणत तो गेला.

बाई स्टुलावर बसली. मास्तरांचा फोन तिला कधी आला नव्हता. घरातही दोघांचं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. आधी कोण बोलणार, एवढंच पक्कं लक्षात होतं. जेवण तयार झालं की ती पातेलं जरा जोरात आपटायची, मग ते येऊन बसायचे. मीठ कमी पडलं तर ते भिंतीला सांगायचे. भिंतीच्या वतीने ती मीठ पुढे सरकवायची.

मग ही 'अगं' कोण?

माणूस गेल्याचं दुःख तिने तिच्या परीने सोसलं होतं. हे सोसवेना. 'माझं चुकलं' हे दोन शब्द ऐकायला तिने अर्धा जन्म वाट पाहिली, आणि इथे बसून मास्तर ते रोज दुसऱ्याच कुणाला तरी ऐकवत होते. तिने मशीनपुढच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीला त्यांची टेप अजून लोंबत होती.

"अगं, जेवलीस का!" ती दातओठ खात, त्यांचाच आवाज काढून खुर्चीला म्हणाली. "म्हणे, अगं, जेवलीस का!"

माळ्यावर खुडबुड झाली.

मांजरी गाठोड्यामागून बाहेर आली. तिने अंग ताणलं, कपाटावर उडी मारली, तिथून कापायच्या टेबलावर. मग मशीनशेजारी, रंग उडून लाकूड गुळगुळीत झालेल्या जागेवर, ती शेपटी पायांशी घेऊन बसली आणि बाईच्या तोंडाकडे बघू लागली. रोजचं पुढचं वाक्य यायचं होतं.

बाईला सगळं कळलं, आणि ते न कळतं तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं.

"बरं बाई," ती म्हणाली. "माझं चुकलं. आता तरी बोल."

"म्याव," मांजरी म्हणाली. जराही भाव न खाता.

बाईने तिला ओढून मांडीवर घेतलं. तिच्या पाठीच्या केसांना इस्त्रीचा आणि नव्या कापडाचा वास होता. मास्तरांच्या सदऱ्यांना यायचा तोच.

"अहो, घरी का नाही म्हणालात?" तिने विचारलं. "एकदा म्हणून बघायचं. खाल्लं असतं का मी तुम्हाला?" मग डोळे पुसून म्हणाली, "मीही नाही म्हणाले म्हणा."

मग ती थांबेना. मी जेवले, म्हणून सांगितलं. हल्ली एकटीपुरतं करायचा कंटाळा येतो म्हणून सांगितलं. बाही आखूड नव्हती, तुमची कुठलीच बाही कधी आखूड झाली नाही, हेही सांगून टाकलं. मांजरी मधून मधून उत्तर देत होती.

सलूनवाला खोकं घेऊन आला आणि दारातच थांबला. बाईची पाठ त्याच्याकडे होती. तिच्या हातात फोन नव्हता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मांजरीकडे पाहिलं, मशीनशेजारच्या त्या गुळगुळीत लाकडाकडे पाहिलं. खोकं आवाज न करता उंबऱ्याशी ठेवलं आणि तो मागे फिरला.

पलीकडे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीतून तावातावाने काहीतरी सांगत होतं.

"जरा हळू बोला," सलूनवाला म्हणाला. "मास्तरांचा घरी फोन चालू आहे."