टोकाचं खडप

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, रविवारची सकाळ आहे. रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावर ऊन आत्ताच उतरतंय. अमावास्येची ओहोटी आहे, समुद्र इतका मागे सरकलाय की एरवी पाण्याखाली असणारी काळ्या खडकांची खडपंसुद्धा उघडी पडली आहेत. शहरातली वीस मुलं रांगेत उभी आहेत आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात. दिसतंय? आता तुम्ही दहा वर्षांची शालन आहात. साल शहाऐंशी.

रांगेच्या शेवटी कमळाताई होत्या. नोकरी सांभाळून दर रविवारी हौसेने मुलांना किनारा दाखवायच्या. ‘येथील काहीही उचलू नये’ ही पाटी त्यांनीच खटपट करून लावून घेतली होती. शालन गेले दोन महिने त्यांच्यामागून फिरत होती. तिचं घर कुठलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. आज त्या म्हणाल्या होत्या, “आज तू दाखव. मी मागे राहते. जमलं तर दर रविवारी तूच पुढे.”

आणि शालनला जमत होतं. “हे समुद्रफूल. बोट नका लावू, मिटतं ते.” मुलं वाकून बघत होती. कुणीतरी कुजबुजलं, “हिला सगळं येतं रे.” शालनची मान ताठ झाली.

“तारामासा कुठाय?” सगळ्यांत लहान मुलाने विचारलं.

“टोकाच्या खडपावर. अमावास्या-पौर्णिमेलाच उघडं पडतं ते. चला!”

अर्ध्या वाटेत आवाज आला. टक्. टक्. टक्. दगडावर लोखंडाचा. तेव्हा तिला आठवलं. रात्री जेवताना आई म्हणाली होती, “तुमची मान्सं हिकडं फिरतील. मी आपली टोकाला जाईन, तितवर कोन येत नाय.”

आता परत फिरावं तरी कसं? मुलं पुढे पळाली होती.

शालनची आई सुंदरा खडपावर उकिडवी बसली होती. कोयतीच्या टोकाने खडकाला चिकटलेली कालवं फोडून आतला मऊ गर डालड्याच्या डब्यात टाकत होती. टोकाचं खडप आज आणि उद्या, दोनच सकाळी उघडं राहणार होतं. घरी भात होता, भाताबरोबर खायला काही नव्हतं. डबा अर्धा भरला होता.

कमळाताई चिडल्या नाहीत. त्या कधीच चिडत नसत. “बघा मुलांनो, आपण म्हणत होतो ते हेच. आता ह्या बाईंना नियम कोण सांगणार?”

वीस हात वर झाले.

“अंहं. शालन सांगेल. आज तीच आपल्याला नेतेय ना?”

शालन पुढे झाली. सुंदराने वळून पाहिलं. आधी मुलीकडे, मग मागच्या रांगेकडे, मग पुन्हा मुलीच्या दोन वेण्यांकडे. पहाटे तिनेच तेल लावून घातल्या होत्या त्या.

“इथलं काही उचलायचं नाही,” शालन म्हणाली. अगदी कमळाताईंसारखं. “इथले जीव इथेच राहिले पाहिजेत.”

सुंदराने लुगड्याला हात पुसले. “कोनाची गो तू पोरी?” तिने विचारलं. “ब्येस बोलतंस.”

शालनने वेणीचं टोक मुठीत धरलं.

“आमची आहे,” कमळाताई कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी शालनच्या खांद्यावर हात ठेवला. “तो डबा द्या बघू इकडे. समुद्रातलं समुद्रात परत सोडू या.”

“फोडलेली हायत ती, ताई. पान्यात सोडून काय जगायची नायत.”

“सगळे असंच म्हणतात,” कमळाताई हसल्या. “शालन, ओत.”

शालनला ठाऊक होतं. सहाव्या वर्षापासून ती आईच्या शेजारी बसून कालवं फोडत आली होती. शिंप फुटली की कालव मेलं. तिने आईकडे पाहिलं. आई डब्याकडे बघत होती.

“वत गो, वत,” सुंदरा म्हणाली. “ताई सांगतायत ना.”

शालनने डबा डबक्यात उपडा केला. पांढरट गोळे पाण्यात पसरले. तेवढ्यात लाट आत आली आणि ते हलले.

“पोहायला लागली!” कुणीतरी ओरडलं. वीसच्या वीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. कमळाताईंनीसुद्धा.

सुंदराने रिकामा डबा उचलला, त्यात कोयती टाकली आणि ती अनवाणी खडपांवरून निघून गेली. घाई न करता. भरती लागली होती. टोकाच्या खडपाच्या भेगांतून पाणी चढत होतं.

लहान मुलगा डबक्याकाठी वाकून बसला होता. कपारीतून दोन खेकडे बाहेर आले होते आणि एक गोळा दोन्हीकडून ओढत होते.

“शालनताई,” त्याने विचारलं, “ती जगतील ना?”

शालनने त्याचा हात धरून त्याला उठवलं, त्याचं तोंड दुसरीकडे वळवलं आणि म्हणाली, “जगतील. चला, तारामासा इकडे आहे.”