फोटोतले केस

“असे पाहिजेत,” म्हणत अफरीनने मोबाईल नूतनच्या नाकासमोर धरला.

खरं तर पार्लरमध्ये मोबाईल आणायलाच बंदी होती. आगरदांड्याच्या जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं हे नूतनचं पार्लर; गिऱ्हाईक बहुतेक मोहल्ल्यातलं आणि खाडीपलीकडच्या दिघीचं. दाराशी टोपली ठेवलेली, मोबाईल तिच्यात टाकायचे आणि मगच पडदा ओढून बुरखे उतरवायचे. उघड्या केसांचा फोटो बाहेर जाता कामा नये, याला नूतन डोळ्यांत तेल घालून जपायची. पण नवरीमुलीला कोण अडवणार?

पुढच्या शुक्रवारी अफरीनचा निकाह होता. मुंबईला मामूकडे राहायला गेली असताना तिने केस सोनेरी करून घेतले होते, आणि आता कंगवा फिरवला की ते तुटून मुठीत येत होते. तिची आई रहिमुन्निसा बाकावर बसून लेकीच्या डोक्याकडे बघणंच टाळत होती.

नूतनने फोटो पाहिला. केसांचं औषध विकणाऱ्या बंधिका कंपनीची जाहिरात होती. एकाच बाईचे पाठमोरे दोन फोटो. डावीकडे काथ्यासारखे पिंजारलेले केस, त्याखाली ‘आधी’. उजवीकडे कमरेपर्यंतचे काळेभोर, त्याखाली ‘नंतर’. दोन्हींत कोपराजवळ केसांच्या इस्त्रीचा तोच जुना चटका. तो चटका नूतनचा होता.

बंधिकाचा माणूस कुलदीप पहिल्यांदा आला तेव्हा स्कूटरला पिशवी अडकवून फिरत होता. आता कंपनीचे फलक काशीदच्या किनाऱ्यापर्यंत पोचले होते आणि कुलदीप गाडीतून उतरायचा. रंगाने, इस्त्रीने केसांच्या आतले जोड तुटतात, ते आमचं औषध सांधतं, असं तो सांगे. नूतनने लावून पाहिलं होतं, गुण येत होता. पार्लरवर कंपनीची पाटी हवी असेल तर आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा, एवढीच अट होती. आता हिच्या गिऱ्हाइकांचे फोटो कुठून आणायचे? म्हणून तिने स्वतःचेच केस द्यायचं ठरवलं. पण ते होते चांगले, तीच पंचाईत. मग एका सोमवारी पार्लर बंद ठेवून या शहाणीने आपल्याच हाताने दोनदा ब्लीच फासलं, केसांचं पार वाटोळं केलं आणि नंतर इमानेइतबारे औषध लावून ते दुरुस्त केले. मूळचे, बिघडलेले आणि दुरुस्त झालेले, असे तीन फोटो तिने पाठवले होते. कंपनीने बिघडलेले ‘आधी’ म्हणून घेतले, आणि ‘नंतर’ म्हणून चक्क मूळचे छापले. दुरुस्त झालेल्यांचा पत्ताच नव्हता.

पाणी गरम करते असं सांगून नूतन मागच्या खोलीत गेली आणि तिने कुलदीपला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. जो फोटो उठून दिसला तो वरच्या लोकांनी घेतला, म्हणाला. शिवाय तुमची पाटी तयार आहे, उद्याच लावून देतो.

“मॅडम, आधीचे केस तुमचे, नंतरचेही तुमचेच. कंपनीने दुसऱ्या कुणाचे चिकटवले का?”

नूतनने फोन ठेवला. केस तिचेच होते, हे खरं. औषधही खोटं नव्हतं. मग चुकलं कुठे? तिने औषधाची बाटली उचलली, परत ठेवली, परत उचलली. गप्प बसावं तर उद्या पाटी लागेल, गिऱ्हाईक वाढेल; पण निकाहाच्या दिवशी ही पोरगी आरशात फोटोतले केस शोधेल, तेव्हा तोंड कुणाचं काळं होणार? आणि सांगावं तर नेमकं काय सांगावं? तिच्या डोक्यात नुसता गुंता झाला.

ती बाहेर आली तेव्हा रहिमुन्निसा चष्मा लावून मोबाईल न्याहाळत होती.

“हे तुजेच केस हायत ना, पोरी?” फोटोतल्या चटक्यावर बोट ठेवत तिने नूतनला विचारलं.

अफरीनचा चेहरा एकदम उजळला. दीदीने स्वतःवरच करून बघितलंय म्हणजे काळजीच नको, ती आईला म्हणाली. आता नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. नूतनच्या ओठांवर ते आलंही. पण तिने अंबाड्याचा काटा ओढला आणि केस मोकळे सोडले. जेमतेम खांद्यापर्यंत आले. विरळ, तांबूस, चमक गेलेले. कामाच्या वेळी बरा पडतो म्हणून ती हल्ली दिवसभर अंबाडाच घालायची, घरीसुद्धा.

“ब्लीच लावून मीच वाटोळं केलं, मग औषध लावून हे असे झाले,” ती म्हणाली. “फोटोतले त्याच्याबी आधीचे हायत. औषधाचा न् त्यांचा काय संबंध न्हाय.”

रहिमुन्निसाने चष्मा काढला. असल्या चांगल्या केसांना तू ब्लीच कशाला लावलंस, तिने विचारलं.

“नीट करून दाखवायचे होते, चाची,” नूतन म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडूच आलं.

जेट्टीवर बोटीचा भोंगा वाजला. अफरीनने हात पुढे करून नूतनच्या केसांची एक बट बोटांत धरली आणि हळूच ओढली. बट तुटली नाही. मग तिने आपली ओढली, ती हातातच आली. तिने पुन्हा नूतनची धरली, या वेळी जरा जोराने ओढली, आणि बराच वेळ सोडली नाही.

मग ती खुर्चीत मागे रेलली आणि तिने डोळे मिटले.

“हे चालतील मला, दीदी,” ती म्हणाली. “फोटोतले तुमचे राहू देत.”