तपासणीचा निकाल

मेलचा मजकूर त्यानं तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. चौथ्यांदा लिहून झाला तेव्हा मॅडम त्याच्या मागे येऊन उभ्या होत्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "याला कोणीही बळी पडेल."

"म्हणूनच नको वाटतंय."

पडद्यावर दोनच ओळी होत्या. 'आपल्या आरोग्य तपासणीत एक शंका आढळली आहे. अहवाल पाहण्यासाठी खाली क्लिक करा.'

"कानामात्रा, चोर काय दयामाया बघून लिहितो? आपण चोरासारखं लिहायचं. म्हणजे उद्या खरा चोर आला तर माणसं सावध असतील."

ऑफिसात सगळे त्याला कानामात्राच म्हणत. एकोणीस वर्षं तो एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत होता. मग वर्तमानपत्र बंद पडलं. शेजारच्या टेबलावरचा उपसंपादक सहा महिने नोकरीसाठी वणवण फिरला, मग त्यानं अंथरूण धरलं आणि ते सोडलंच नाही. त्याला पोचवून आल्यावर हा चव्वेचाळिसाव्या वर्षी पाटी पुसून सायबर सुरक्षेच्या वर्गात जाऊन बसला.

वर्गातली मुलं त्याच्या निम्म्या वयाची. पहिले तीन महिने सगळं डोक्यावरून जात होतं. मग फसव्या मेल ओळखायचा धडा आला, आणि यानं दहाच्या दहा ओळखल्या. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं, कुठे पत्त्यातलं एकच अक्षर बदललेलं. एकोणीस वर्षं त्यानं दुसरं केलंच काय होतं?

तेव्हापासून त्यानं स्वतःला शिस्त लावून घेतली. पहाटे पाच ते सहा अभ्यास. रोज एक नवी गोष्ट वहीत लिहायची, तीही स्वतःच्या शब्दांत. आणि त्याच दिवशी ती कोणाला तरी समजावून सांगायची. सांगता आली नाही, तर कळलीच नाही असं धरायचं.

हे 'कोणाला तरी' म्हणजे बायको. ती औषधांच्या गोदामात मालाच्या नोंदी ठेवायची.

"अहो, दोन घास सुखानं खाऊ द्या की," ती सुरुवातीला वैतागायची. पण मग तिलाही गोडी लागली. घाई करायला लावणारी मेल आली, उडवायची. अनोळखी माणूस फोनवर जन्मतारीख विचारतोय, फोन ठेवायचा. भीती घालणारा आधी खोटा धरायचा. नणंदेनं एकदा नव्या नंबरवरून फोन केला, तर हिनं तिची उलटतपासणी घेतली. "तुझं लग्न कधी झालं ते सांग, मग बोलू." नणंद दोन महिने फुगून बसली होती.

आणि आता त्याच्या कंपनीला बनावट मेल पाठवून चाचणी घ्यायची होती ती त्याच गोदामातल्या माणसांची.

"माझी बायको आहे तिथे," त्यानं मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"मग तोंड शिवून ठेवा. सही केलीये तुम्ही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "गोदामवाल्यांना माणसं कमी करायची आहेत. जे फसतील त्यांची नावं आधी वर जाणार."

मेल लिहून झाली त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. उन्हाळ्यात गोदामानं सगळ्यांची तपासणी करवली होती, हे त्याला कळलं होतं ते बायकोकडूनच. घरात ऐकलेलं त्यानं गळाला लावलं होतं, आणि त्या गळाला तीच लागली असती तर?

सोमवारी सकाळी अकराला मेल सुटली. दोनशे अकरा माणसं. कोणी क्लिक केलं ते त्याच्या पडद्यावर एकेक ओळीत उमटत होतं. पाच मिनिटांत वीस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्र्याण्णव. एका हमालानं सात वेळा क्लिक केलं होतं. त्या सात ओळींकडे त्याला बघवेना.

बायकोचं नाव त्यानं शोधलं. ते वेगळ्याच रकान्यात होतं. अकरा वाजून चार मिनिटांनी तिनं कळवलं होतं, 'ही मेल बनावट आहे. कोणी उघडू नये.' दोनशे अकरांत ती पहिली होती.

"ही कोण हो?" मॅडम म्हणाल्या. "हिला आपल्याकडेच घेऊ या."

"माझी शिष्या," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा ऊर भरून आला होता.

निकाल संध्याकाळी गोदामाकडे गेला. आता घरी सांगायला हरकत नव्हती. चपला काढता काढताच तो म्हणाला, "सकाळची मेल माझी होती."

ती हसली. "ते काय मला कळलं नाही? पण खरं सांगू, आजची काही जमली नव्हती तुम्हाला. आधीच्या दोन कसल्या भारी होत्या!"

"आधीच्या कुठल्या?"

"पुरे आता सोंग. तपासणी झाल्यावर आल्या होत्या त्या. माझं नाव, वय, सगळं बरोबर. डाव्या फुफ्फुसावर गाठ दिसते, आठ दिवसांच्या आत या. मी घाबरलेच हो क्षणभर! मग म्हटलं, भीती घालतोय म्हणजे खोटा. दिल्या उडवून." ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आणि त्या बाईला फोन करायला लावलंत, तीन-तीनदा! तिनं जन्मतारीख विचारली तशी मी म्हटलं, बाई गं, माझा नवरा याच धंद्यात आहे. अगदी काकुळतीला आली होती बिचारी. कुठून शोधलीत हो तिला?"

त्यानं तिला आजवर एकच मेल पाठवली होती, आज सकाळी अकराची.