निळा डाग

पडद्यावर थोरल्या भावाच्या मेंदूचं चित्र उमटलं आणि धाकट्यानं श्वास रोखला. या एमआरआय मशीनवर त्याची एकवीस वर्षं गेली होती. पण काचेपलीकडे झोपलेला माणूस आज पहिल्यांदाच घरचा होता.

महिन्यापूर्वीच्या स्कॅनमध्ये जुन्या गाठीच्या जागी पांढरा डाग दिसला होता. कॅन्सर परतला, असं सगळ्यांनीच धरलं. पण रेडिएशननं भाजलेली जागाही तशीच पांढरी दिसते. म्हणून आज डॉक्टरीणबाईंनी डागात रक्त किती खेळतंय ते बघायला सांगितलं होतं. कॅन्सर हावरट, रक्त ओढून घेतो. रक्त जास्त तिथं पडद्यावर लाल, कमी तिथं निळं. लाल दिसलं की संपलं.

डाग निळा आला.

"अहो, हा कॅन्सर नाहीच!" मागून वाकून बघणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भाजलेली जागा आहे. मेलेल्या पेशी. औषधावर निभेल. सुटले तुमचे दादा!"

जीव भांड्यात पडायला हवा होता. धाकट्याच्या मनात आलं ते भलतंच: म्हणजे मी उगाच माफ केलं.

पंधरा दिवसांपूर्वी थोरल्यानं त्याचा हात धरून सांगितलं होतं, मेडिकलच्या प्रवेशाचं तुझं पत्र आलं होतं, मी फाडलं. मी दोनदा नापास आणि तू पहिल्या फटक्यात पास, बघवलं नाही. त्या पत्रापायीच धाकटा डॉक्टर व्हायचा तो डॉक्टरांचं मशीन चालवत बसला. तरी जाणाऱ्या माणसाशी काय भांडायचं, म्हणून त्यानं मोठ्या मनानं 'जाऊ दे, दादा' म्हटलं. मोठं मन! सख्खा भाऊ जगणार, आणि याला वाईट वाटलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"रडा खुशाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आनंदाचंच आहे ते." त्यानं मान हलवली.

आत जाऊन त्यानं टेबल बाहेर घेतलं, थोरल्याच्या चेहऱ्यावरचा मशीनचा पिंजरा काढला.

"काय दिसलं? लपवू नकोस."

"कॅन्सर नाही, दादा. रेडिएशनचा डाग आहे. जगशील."

थोरला हसला नाही. छताकडे बघत राहिला. हळूहळू त्याचे कान तापून लाल झाले.

"वहिनी बाहेर बसलीय. सांगू तिला?"

"थांब." थोरल्यानं त्याची बाही धरली, नजर मात्र दिली नाही. "ते पत्राचं... मी जाणार म्हणून बोललो रे."

"माहितीये. मीही तू जाणार म्हणूनच माफ केलं."

बाही सुटली. थोरल्यानं पुन्हा हात अंगालगत सरळ ठेवले, डोळे मिटले.

"परत एकदा आत घाल," तो म्हणाला. "नीट बघ. चुकलं असेल काहीतरी."