थांबा!

सलोमीबाईंच्या शवपेटीवर मूठमूठ माती पडली आणि नव्या पाळकांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. ‘आम्ही इतरांना करतो तशी आम्हाला क्षमा कर’ या ओळीपाशी आम्ही सगळेच गप्प झालो. पाळक एकटेच पुढे गेले, मग गोंधळून थांबले.

लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत बाई याच ओळीला टेबलावर पट्टी आपटायच्या. “थांबा! घाई कसली? ज्याच्यावर राग धरलाय त्याचं नाव घ्या मनात, त्याला माफ करा. मगच पुढे.”

आज बाई पेटीत होत्या, तरी पुढे जायची कुणाची छाती होईना. मीही नाव घेतलं, धाकट्या भावाचं. घराच्या वाटणीपासून आमचा अबोला होता.

डोळे उघडले तर तो कबरीपलीकडून माझ्याकडेच बघत होता.

“दादा, माझं घेऊन झालं,” तो म्हणाला. “म्हणायचं पुढे?”